आईला लंडन दाखवणाऱ्या आमच्या टूर लीडरला

प्रिय दादा,

आपल्या ग्रुपमध्ये सत्तरीच्या आजोबांपासून दुसरीतल्या पोरांपर्यंत सगळेच तुला ‘दादा’ म्हणत होते, म्हणून मीही तेच लिहिते. तू माझ्या भाच्याच्या वयाचा, त्यामुळे अहो-जाहो करणं काही मला जमणार नाही. तुझं आणि तुझ्या कंपनीचं नाव इथे घालत नाही, कारण तुला विचारलेलं नाही. पत्र मात्र मुद्दाम सगळ्यांसमोर लिहिते आहे. घरात आईसारखं कुणी असेल आणि ‘त्यांना कुठे न्यायचं आता’ असं म्हणून तो विषय बंद झाला असेल, तर त्या घरापर्यंत हे पोचावं अशी माझी फार इच्छा आहे.

आई चिपळूणला शाळेत भूगोल शिकवायची. पुस्तक न उघडता फळ्यावर युरोपचा नकाशा काढायची. शून्य रेखावृत्त, टेम्स, लंडन हे सगळं तिने कितीतरी वर्गांना शिकवलं, पण प्रत्यक्ष पाहायचं राहून गेलं. निवृत्त झाली आणि काचबिंदूने नजर नेली. आता उजेड आहे की अंधार, एवढंच कळतं. तरी लंडनला जायचं तिच्या मनातून गेलं नव्हतं. मी चौकशीला लागले तेव्हा एका ठिकाणी फोनवर मला ऐकवण्यात आलं, “मॅडम, त्यांना दिसतच नाही तर एवढा खर्च कशाला करता?” फोन स्पीकरवर होता. आई शेजारीच बसली होती. ती काहीच बोलली नाही, उठून आत गेली.

तुमच्याकडे बुकिंग झाल्यावर तुझा फोन आला आणि तू म्हणालास, “ताई, फोन आजींना देता का? प्रवास त्यांना करायचाय ना.” मग तुम्ही दोघं किती वेळ बोलत होतात! पायऱ्या चढताना कठडा लागतो का, कुठल्या कानाने नीट ऐकू येतं, गर्दीत घाबरायला होतं का, सगळं तू तिलाच विचारलंस. आणि शेवटी विचारलंस, “आजी, लंडनबद्दल तुम्हाला काय काय माहीत आहे?” नजर गेल्यापासून आईला काय माहीत आहे हे कुणी विचारलं नव्हतं. काय लागतं, काय दुखतं, हेच सगळे विचारायचे.

पहिल्या दिवशी सकाळी हॉटेलच्या दाराशी तू तिच्यापुढे उभा राहिलास आणि म्हणालास, “आजी, माझं कोपर धरा.” तिचा हात तू धरला नाहीस, तुझं कोपर तिच्या हातात दिलंस आणि अर्धं पाऊल पुढे चालू लागलास. तू वळलास की तिला वळण कळायचं, तू थांबलास की ती थांबायची, पायरी आली की तुझा हात खाली-वर झालेला तिला आपोआप समजायचा. कॉलेजात असताना पुण्यात अंध विद्यार्थ्यांच्या परीक्षेला लेखनिक म्हणून बसायचास, तिथे हे शिकलास म्हणालास. नाश्ता होईपर्यंत ग्रुपमधल्या सात-आठ जणांना तू ते शिकवलंही होतंस. दिवसभर आईला कोपरांची कमी पडली नाही.

बस अर्धा तास लवकर का काढलीस, ते वेस्टमिन्स्टर पुलावर कळलं. बरोब्बर दहाला तुला आम्हाला तिथे उभं करायचं होतं. फोटोसाठी सगळे पांगले होते. तू मोठ्याने म्हणालास, “एक मिनिट सगळ्यांनी गप्प राहायचं आणि डोळे मिटायचे.” चाळीसेक मराठी माणसं पुलावर डोळे मिटून उभी! आधी लहान घंटांचे चार-चारचे सोळा सूर आले आणि आई एकदम म्हणाली, “अगं, हे तर आपल्या घरातल्या घड्याळाचं!” खरंच, आजोबांच्या भिंतीवरच्या घड्याळात हीच धून वाजायची. मग मोठ्या घंटेचे दहा ठोके. ते कानांच्या आधी छातीत ऐकू येतात.

ठोके संपल्यावर तू सांगितलंस की बिग बेन हे त्या मनोऱ्याचं नव्हे, आतल्या १३.७ टनांच्या घंटेचं नाव. मनोऱ्याला २०१२ पासून एलिझाबेथ टॉवर म्हणतात. १८५९ मध्ये घंटा वाजायला लागली आणि दोनच महिन्यांत तिला तडा गेला. नवी न ओतता त्यांनी ती जराशी फिरवून घेतली, हातोडा हलका बसवला आणि तीच तडा गेलेली घंटा आजही वाजते. “म्हणून नादात किंचित खरखर आहे,” तू म्हणालास. आई म्हणाली, “ती मला आठव्या ठोक्याला कळली होती.”

आणि मग तू राजाबाई टॉवरची गोष्ट सांगितलीस. मुंबईचा तो मनोरा बिग बेनवरून बेतलेला, १८७८ मध्ये पुरा झालेला, हे मला ऐकून माहीत होतं. पण प्रेमचंद रायचंदांनी आपल्या आईच्या, राजाबाईंच्या नावाने देणगी दिली, त्या बाई अंध होत्या, जैन असल्यामुळे सूर्यास्ताआधी जेवायचा त्यांचा नेम होता आणि मनोऱ्याचे टोले ऐकून त्यांना कुणाला न विचारता वेळ कळायची असं सांगतात, हे मी पहिल्यांदा ऐकलं. तू ही गोष्ट आईकडे बघून सांगितली नाहीस, सगळ्यांना सांगितलीस. त्याबद्दल तुझे वेगळे आभार. आईने नंतर मला इतकंच विचारलं, “मुंबईला उतरल्यावर फोर्टात जाता येईल का गं?”

पुलावरून खाली नदीकाठी आलो तेव्हा ओहोटी होती. आईने श्वास घेतला आणि म्हणाली, “हा वास गोवळकोटच्या खाडीचा आहे.” कुणी हसलं असतं, पण तू लगेच म्हणालास, “अगदी बरोबर, आजी. समुद्र लांब असला तरी टेम्सला इथपर्यंत भरती येते. लंडन ब्रिजपाशी पाणी सात मीटरपर्यंत चढतं-उतरतं.” मग माझ्या आईने नदीकाठावर भरती-ओहोटीचा तास घेतला. नागपूरचे काका वही काढून लिहून घेत होते, हे तुला आठवत असेल.

पार्लमेंट स्क्वेअरला जाताना रस्ता ओलांडायच्या सिग्नलपाशी तू थांबलास. बटणाच्या डब्याखाली आईची बोटं नेलीस. तिथे एक छोटा खाचा असलेला शंकू असतो. हिरवा दिवा लागला की तो गोल फिरतो, म्हणजे न बघता, न ऐकताही कळतं की आता चालायचं. रोज हजारो माणसं त्या डब्यापाशी उभी राहत असतील, खाली हात घालून कोण बघतं! नंतर दिवसभर प्रत्येक सिग्नलला ग्रुपमधली पोरं आधी धावायची आणि ओरडायची, “आजी, इथे पण आहे!” आईने प्रत्येक वेळी हात लावून खात्री केली. एका देशाने कुणाचा तरी असा विचार करून ठेवलाय आणि तो विचार कुणाच्या नजरेला खुपत नाही, हे मला त्या दिवसातलं सगळ्यात मोठं स्थळ वाटलं. असे शंकू आपल्याकडे पुण्या-मुंबईत का नसावेत, हे मी नगरसेवकांना विचारणार आहे.

त्या चौकात गांधीजींचा पुतळा आहे, २०१५ मध्ये बसवलेला. शिल्पकार फिलिप जॅक्सन. अंगाभोवती शाल घट्ट ओढून उभे असलेले गांधीजी. त्यांच्यापुढे आई नमस्कार करून जरा वेळ उभी राहिली. चर्चिलही त्याच चौकात आहेत, हे कळल्यावर म्हणाली, “असू देत. आता भांडणार नाहीत.”

बकिंगहॅम पॅलेसला पहारा बदलताना गर्दी इतकी की डोळे असणाऱ्यांनाही टोप्याच दिसत होत्या. पण आईला बँड होता, बुटांचा आवाज होता, हुकूम होते, घोड्यांच्या टापा होत्या. तिथे तू त्या दुसरीतल्या मुलाला खांद्यावर घेतलंस आणि सांगितलंस, “आजींना सांग, शिपायांच्या कोटाची बटणं कशी लावलीत.” पहाऱ्याच्या पलटणी बटणांवरून ओळखायच्या: सुटी-सुटी असली तर ग्रेनेडियर, दोन-दोन असली तर कोल्डस्ट्रीम, तीन-तीन स्कॉट्स, चार-चार आयरिश, पाच-पाच वेल्श. तो पोरगा वरून ओरडला, “आजी, दोन-दोन!” आणि खाली आई म्हणाली, “कोल्डस्ट्रीम!” आजूबाजूचे परदेशी पाहुणेसुद्धा टाळ्या वाजवू लागले. त्या मुलाची आई नंतर मला म्हणाली की एरवी हा दहा मिनिटांत कंटाळतो, आज तासभर बोट दाखवून सांगत होता.

ट्रॅफल्गर चौकात सगळे सिंहांबरोबर फोटो काढायला पळाले. तू आईला नॅशनल गॅलरीकडच्या पायऱ्यांपाशी घेऊन गेलास. तिथे भिंतीत इंच, फूट, यार्ड यांची प्रमाण मापं धातूत बसवलेली आहेत, १८७६ पासूनची. आईने बोटाने एक इंच मोजला, मग एक फूट, मग दोन्ही हात पसरून यार्ड. “आम्ही मुलांना हे तोंडपाठ करायला लावायचो,” ती म्हणाली, “आज ते माझ्या हाताखाली आहे.” दादा, मी लंडनवरचे कितीतरी व्हिडिओ बघून गेले होते. ही मापं मला कुठेही दिसली नव्हती. तू ती आईसाठी शोधून ठेवली होतीस, फोनवर तिने ‘मला हात लावून बघायला आवडतं’ म्हटलं होतं तेव्हापासून.

लंडन आयबद्दल खरं सांगायचं तर मला धास्ती होती. १३५ मीटर उंच चाक, काचेची कुपी, अर्ध्या तासाची एक फेरी. आईसाठी त्यात काय असणार? तू तिला नदीकडे तोंड करून उभं केलंस आणि म्हणालास, “आजी, तुम्ही घड्याळाच्या मधोमध उभ्या आहात. बाराला राजवाडा. अकराच्या जरा अलीकडे बिग बेन. दीडला ट्रॅफल्गर चौक, आपण मघाशी यार्ड मोजला तो. आणि पाठीमागे, पाचच्या सुमाराला सेंट पॉलचा घुमट.” आई क्षणभर गप्प राहिली आणि म्हणाली, “म्हणजे माझं तोंड पश्चिमेला आहे. नदी इथे दक्षिणेकडून उत्तरेकडे वाहते.” तू नकाशा काढून बघितलास. ती बरोबर होती. कुपी वर चढत गेली तशी बाकीची माणसं खिडक्या सोडून तिच्याभोवती आली, कारण आता कुठे काय आहे हे तिला विचारलं की कळत होतं.

मादाम तुसादबद्दल लिहीत नाही, तिथे पोरांनी धमाल केली आणि आई बाकावर बसून पाय चेपत होती. टॉवर ब्रिज बसमधून झाला. रात्री भारतीय हॉटेलात जेवायला बसलो तेव्हा ताट समोर आलं आणि तू काही म्हणायच्या आत नागपूरचे काका म्हणाले, “काकू, सहाला भात, नऊला भाजी, बाराला वरण, तीनला गुलाबजाम.” आईने कुणाच्या मदतीशिवाय जेवण केलं, गुलाबजाम दोनदा घेतला.

मला तुझे आभार या एका गोष्टीसाठी मानायचे आहेत. तू आईला सांभाळलंस, ते तर केलंसच. सांभाळणारी माणसं आम्हाला आधीही भेटली आहेत, विमानतळावर, दवाखान्यात, देवळात. चांगलीच होती ती. पण तू आईच्या सोयीसाठी तिला बाजूला बसवून ठेवलं नाहीस. सगळ्या ग्रुपला शहर सांगायची पद्धतच तू बदललीस, आणि त्यामुळे आम्हा डोळसांनाही घंटेतली खरखर ऐकू आली, कोटावरची बटणं दिसली, नदीचा वास आला. आईच्या वाट्याला सहल आली, आणि आमच्या वाट्याला आईची.

तुझ्या वरिष्ठांनी हे वाचलं तर माझी त्यांना एक विनंती आहे. कोपर कसं द्यायचं, घड्याळाच्या आकड्यांवरून जागा कशी सांगायची, प्रवासाआधी खुद्द त्या प्रवाशाशी कसं बोलायचं, हे प्रत्येक टूर लीडरला शिकवावं. त्याला पैसे लागत नाहीत. शिकवायला तू आहेसच.

येताना आम्ही फोर्टात गेलो. राजाबाई टॉवरखाली पाऊण तास उभे राहिलो, टोले ऐकले. आई आता शाळेच्या माजी विद्यार्थ्यांना फोन करून लंडन सांगते, दिशांसकट. पुढे व्हिएन्नाला जायचं म्हणते आहे, पण अट एकच, दादा तूच असलास तर. तुझ्या तारखा कळव. आणि घरचा पत्ताही कळव, तिने तुझ्यासाठी आमसुलं आणि कुळथाचं पीठ बांधून ठेवलं आहे, पावसाळ्याआधी पाठवायचं आहे.

लोभ असावा.

तुझी ताई
(आणि शेजारी बसून प्रत्येक ओळ तपासणारी आजी)