गोवर : चौथीच्या पालकांसाठी सूचना

पालकहो, वस्तीत गोवराचे पेशंट सापडले आहेत. शाळा सुरूच राहील. शनिवारी सकाळी ८ वाजता सिस्टर आणि आशाताई शाळेत येऊन लसीच्या नोंदी तपासतील. मुलाचं लसीकरण कार्ड आणा. हरवलं असेल तरी या.

– सुरुवात ताप, खोकला, लाल डोळ्यांनी होते; पुरळ नंतर, बहुधा कानामागून आणि चेहऱ्यावरून उठतं. पुरळाच्या आधीचे ४ दिवसही लागण होते. म्हणून कृपा करून, सकाळी तापाची गोळी देऊन पोराला शाळेत धाडू नका. मधल्या सुट्टीपर्यंत ताप परत चढतो, आणि तोवर डबा तिघांत वाटून झालेला असतो.

– पुरळ उठल्यापासून किमान ४ दिवस घरीच. डॉक्टरांना दाखवाच, अंगारा लावून वाट बघत बसू नका.

– घरात तान्हं बाळ असेल तर आजारी मुलाला वेगळं झोपवा. गोवराची पहिली लस साधारणपणे नवव्या महिन्यानंतरच मिळते.

– हजेरीची काळजी नको. अभ्यास रोज ४ नंतर याच ग्रुपवर येईल. पुस्तक वर्गात राहिलं असेल तर बालभारतीच्या संकेतस्थळावर पीडीएफ फुकट मिळते. मोबाइल नसलेल्यांनी गेटवरून कागद न्यावेत.

– वर्गशिक्षिका