गॅरेजवाल्या दादा, टॉर्च माझ्या हातात दिलात त्याबद्दल

दादा, नमस्कार.

खंबाटकी घाट चढताना गाडी गरम होऊन बंद पडली होती आणि सोबत आजारी आई होती, ती मी. तुमच्याकडे रोज इतक्या गाड्या येतात, मी लक्षात असेन की नाही माहीत नाही, पण मला तुमचं सगळं लक्षात आहे आणि अजून ते आठवलं की गळा भरून येतो. त्या दिवशी घाईत नीट बोलताच आलं नाही, म्हणून इथे सगळ्यांसमोर लिहितेय. तुमच्याकडे कामाला असलेल्या मुलाने वाचून दाखवलं तरी चालेल.

तुमच्यापर्यंत पोचायच्या आधी काय काय झालं होतं ते तुम्हाला पूर्ण माहीत नाही. पुण्यात गाडी गरम होते म्हणून एका गॅरेजला दाखवली होती, त्यांनी कूलंट (इंजिन थंड ठेवणारं पाणी) बदललं, थर्मोस्टॅट (त्या पाण्याची वाट उघडबंद करणारा व्हॉल्व्ह) बदलला असं सांगितलं, भरपूर बिल लावलं आणि "आता बिनधास्त जा मॅडम, कन्याकुमारीला पण जाईल" म्हणाले. ती गाडी कराडपर्यंतसुद्धा गेली नाही. घाटात ट्रकच्या मागे रांगत असताना काटा वर गेला, बॉनेटमधून वाफ, मागून हॉर्नवर हॉर्न आणि आईचा चेहरा पांढराफटक. क्रेनवाल्याने घाट उतरवून ज्या गॅरेजला नेऊन सोडलं तिथल्या माणसाने बॉनेट उघडलं आणि माझ्या आणि गाडीच्या मधे असा उभा राहिला की मला काही दिसूच नये. दोन मिनिटात निकाल, हेड गॅस्केट (इंजिनमधलं पाणी आणि ऑइल वेगळं ठेवणारी पट्टी) गेलंय, इंजिन उतरवावं लागेल, चाळीस हजार, निम्मे आत्ता द्या. मी काही विचारलं की म्हणे, "तुम्हाला नाही कळायचं ताई, मिस्टरांना फोन लावून द्या." गाडी माझी, पैसे माझे, आणि बोलायचं मिस्टरांशी! एका म्हातारीला रस्त्यात घेऊन उभ्या असलेल्या बाईच्या घाबरलेपणावर हा माणूस आकडा ठरवत होता, याची चीड माझी अजून गेलेली नाही आणि जाणारही नाही.

चहाच्या टपरीवरच्या मावशींनी आईला पाणी दिलं आणि हळूच म्हणाल्या, "पैसे द्यायच्या आधी समोरच्या फिटरला एकदा दाखवा." त्यांचेही खूप खूप आभार.

तुम्ही एका ट्रॅक्टरखाली होतात. बाहेर आलात, हात पुसलेत, आईला खुर्ची दिलीत आणि मग जे केलंत ते माझ्यासोबत आजवर कुठल्याच गॅरेजमध्ये झालं नव्हतं. टॉर्च माझ्या हातात दिलात आणि म्हणालात, "ताई, इकडं या, तुम्हीच बघा."

बस, एवढंच. पण त्या एका वाक्याने माझी छातीतली धडधड थांबली. ऑइलचं झाकण उघडून तुम्ही मला आतली बाजू दाखवलीत, गॅस्केट जाऊन पाणी ऑइलमध्ये मिसळलं असतं तर इथे पांढरट चिकट फेस दिसला असता, तो नाहीये. ऑइल मोजायची पट्टी, डिपस्टिक, काढून दाखवलीत, ऑइल काळंच, दुधाळ नाही. मग मला सीटवर बसवून एसी लावायला सांगितलंत, एसी लावला की रेडिएटरचा फॅन फिरायलाच पाहिजे, फिरला नाही. तुम्ही फ्यूजच्या डब्यातून एक छोटी काळी रिले, म्हणजे फॅनला करंट पोचवणारा स्विच, काढलीत, तिच्या जागी हॉर्नची तशीच रिले बसवलीत, फॅनची हॉर्नच्या जागी, आणि फॅन घर्र करून सुरू झाला. "आता हॉर्न वाजवा," म्हणालात. हॉर्न वाजेना. मला त्या क्षणी सगळं कळलं दादा, कुणी समजावून सांगायची गरजच उरली नाही! हायवेला गाडी पळते तेव्हा समोरचा वारा रेडिएटरला लागतो म्हणून काटा खाली राहतो, घाटात गाडी रांगायला लागली की सगळी भिस्त फॅनवर, आणि फॅन तर बंदच. चाळीस हजाराचं इंजिनकाम म्हणजे ही आगपेटीपेक्षा लहान वस्तू होती.

मी पुण्याचं बिल दाखवलं तेव्हाही तुम्ही त्या गॅरेजला एक वाईट शब्द बोलला नाहीत. थर्मोस्टॅटच्या कव्हरवर टॉर्च मारायला सांगितलीत, "मी कुणाला नावं ठेवत नाही, तुम्ही फक्त बोल्ट बघा." बोल्टवर वर्षानुवर्षांचा मातीचा थर तसाच होता, पाना लागल्याची खूणसुद्धा नाही. पुढे मी त्याच बोल्टचे फोटो त्या गॅरेजच्या मालकासमोर ठेवले, जुना पार्ट दाखवा म्हटलं, दाखवता येईना, ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ नंबरला फोन करते म्हटल्यावर थर्मोस्टॅटचे पैसे परत मिळाले. उपकार केल्यासारखं तोंड करून दिले, पण दिले.

तुमचा मुलगा बाईकवरून जाऊन नवीन रिले घेऊन आला. फॅन आपोआप सुरू होऊन बंद होईपर्यंत तुम्ही गाडी तशीच चालू ठेवायला लावलीत, जुनी रिले कागदात गुंडाळून माझ्या हातात दिलीत आणि सगळे मिळून चारशे रुपये घेतलेत. मी जास्त देत होते तर म्हणालात, "काम चारशेचंच आहे ताई." हे पण म्हणालात की नवीन गाड्यांचं कॉम्प्युटर लावून दोष शोधायचं स्कॅनिंग माझ्याकडे होत नाही, तसलं काही असतं तर साताऱ्याला न्या म्हणून सांगितलं असतं. जे येत नाही ते येत नाही म्हणून सांगणारा माणूस मला तर ह्या धंद्यात पहिल्यांदाच भेटला.

लोक सरसकट म्हणतात रस्त्यावरचे फिटर लुटतात, गाडी कंपनीतच दाखवावी. पण तुमच्यासारख्यांना स्पेअर पार्ट आणि स्कॅनिंगची साधनं सहज मिळू द्यायची नाहीत हे कोणी केलं? २०१४ मध्ये स्पर्धा आयोगाने याच कारणासाठी १४ कार कंपन्यांना मिळून अडीच हजार कोटींच्या वर दंड ठोठावला होता. तेव्हा लुटणारे काही फक्त पत्र्याच्या शेडमध्येच बसलेले नसतात, आणि सचोटीला काचेचं शोरूम लागत नाही. ज्याचं मन साफ आहे तो बॉनेट उघडून बाजूला होतो आणि गिऱ्हाइकाला बघू देतो. माणुसकी आपल्याकडे अजून शिल्लक आहे आणि ती तुमच्यासारख्यांच्या ऑइलने काळ्या झालेल्या हातात आहे, हे मी मनापासून सांगते.

आईची तब्येत आता बरी आहे, ती तुमची आठवण काढते, "त्या पोरानं मला खुर्ची दिली" एवढंच सांगत असते सगळ्यांना. दिवाळीला कराडला जाताना सर्व्हिसिंग तुमच्याकडेच करणार आहे, मागच्या ब्रेकचा थोडा आवाज येतोय तोही बघा. आणि टपरीवरच्या मावशींना माझा नमस्कार सांगा.