मनू, कादिझ एका दिवसात उरकू नकोस

प्रिय मनू,

तुझा स्पेनचा प्लॅन वाचला. सेव्हिल छान बसवलंयस, पण मधल्या एका दिवशी सकाळच्या ट्रेनने कादिझला जायचं आणि संध्याकाळी परत, एवढं मात्र बदल गं. फोनवर सांगायला घेतलं की तुझी मीटिंग तरी असते नाहीतर चिऊचा अभ्यास, म्हणून लिहूनच पाठवतेय, निवांत वाच. निदान दोन रात्री तरी तिथे रहा, आणि राहायचं ते जुन्या गावातच.

एका दिवसात का नको तेही सांगते. सेव्हिलहून ट्रेन दीड-पावणेदोन तासाची आणि स्टेशन जुन्या गावाला अगदी लागून, त्यामुळे सगळ्यांना वाटतं पटकन होऊन जाईल. त्यात क्रूझची मोठाली जहाजंही तिथेच बाजूला लागतात. मग दिवसभर कॅथेड्रलच्या चौकात नुसती माणसं, आणि दुपारी दोन-अडीचनंतर दुकानं बंद झाली की फिरायला आलेला माणूस उन्हात कुठेतरी टेकायला जागा शोधत बसतो. गावातले लोक बाहेर पडतात ते ऊन उतरल्यावर, आजीआजोबा, बाबागाड्या, चौकात फुटबॉल खेळणारी पोरं सगळीच, आणि नेमक्या त्या वेळेला तू स्टेशनवर परतीच्या ट्रेनची वाट बघत असणार. जूनमध्ये तिथे सूर्य पावणेदहाच्या सुमाराला मावळतो, म्हणजे तुमची खरी संध्याकाळच हुकली ना.

गाव म्हणजे समुद्रात लांबवर गेलेलं जमिनीचं एक टोक आहे, तिन्ही बाजूंनी पाणी, कुठल्याही गल्लीने सरळ चालत राहिलं की शेवटी समुद्रच. आणि पूर्ण सपाट! बाबांच्या गुडघ्यांमुळे मला काळजी होती पण त्यांनी एकदाही तक्रार केली नाही, उलट मलाच चल चल करत होते. गल्ल्या इतक्या अरुंद की खाली बरीचशी सावलीच असते. चिऊला दोन गोष्टी मुद्दाम दाखव. एक म्हणजे गल्लीच्या कोपऱ्यांवर उभ्या पुरलेल्या जुन्या तोफा, पूर्वी घोडागाड्यांच्या चाकांनी भिंतीचे कोपरे फुटू नयेत म्हणून त्या तशा लावल्यात. दुसरं, भिंतीचा दगड. गिलावा जिथे निघालाय तिथे जवळ जाऊन बघ, दगडात सगळे शिंपलेच शिंपले दिसतात, कालवांचे, पंख्यासारखे, अर्धे तुटलेले, बोट फिरवलं तर खरखरीत लागतात. हा दगड तिथल्या किनाऱ्यावरचाच, जुनी तटबंदी, घरं, कॅथेड्रलचा खालचा भाग सगळं त्याचंच.

कॅथेड्रलचं काम 1722 मध्ये सुरू झालं आणि संपलं 1838 मध्ये, मधे पैसे संपले, पद्धती बदलल्या, म्हणून खाली गडद आणि वर पांढरट असा फरक स्पष्ट दिसतो. आत गेल्यावर वर बघ, छताखाली जाळी बांधलीय, खाऱ्या हवेने दगड झिजून कपचे पडतात म्हणून. तळघरात मान्वेल दे फाया या मोठ्या संगीतकाराची समाधी आहे, जन्म इथलाच, वारला अर्जेंटिनात, पण शेवटी त्याला गावात आणलं. मला तिथे फार शांत वाटलं. बाजूच्या पोपुलो भागात 1980 मध्ये रोमन काळातलं नाट्यगृह सापडलंय, त्याचा काही भाग अजून घरांच्या खालीच आहे, वर लोक राहतायत आणि खाली दोन हजार वर्षांपूर्वीच्या पायऱ्या.

तावीरा बुरुजावर जाच. 1717 मध्ये अमेरिकेबरोबरच्या व्यापाराचं सरकारी ऑफिस सेव्हिलहून कादिझला हलवलं आणि गावात पैसा आला, मग व्यापाऱ्यांनी आपली जहाजं येताना दिसावीत म्हणून घराघरावर बुरूज बांधले, आजही शंभराच्या वर शिल्लक आहेत. तावीरा त्यातला सगळ्यात उंच. पायऱ्या पुष्कळ आहेत पण मधे थांबायला खोल्या आहेत. वर एका अंधाऱ्या खोलीत आरसा आणि भिंग लावून बाहेरचं गाव एका पांढऱ्या गोल तबकडीवर पाडतात, हलतं गाव! गच्चीवरचे वाळत घातलेले कपडे हलताना दिसतात, सीगल उडताना दिसतात, चिऊ तिथून हलणार नाही बघ. तिकिटाला वेळ ठरलेली असते म्हणून सकाळीच काढून ठेव.

म्युझियम मीना चौकात आहे, सोमवारी बंद असतं तेवढं लक्षात ठेव. एरवी तुला म्युझियमचा कंटाळा, माहितीये मला, पण इथली एक गोष्ट ऐक. कादिझ फिनिशियन लोकांनी, म्हणजे प्राचीन काळच्या दर्यावर्दी व्यापाऱ्यांनी वसवलं, पश्चिम युरोपातल्या सगळ्यात जुन्या गावांपैकी एक मानतात. 1887 मध्ये तिथे एक दगडी शवपेटी सापडली, झाकणावर दाढीवाला पुरुष कोरलेला. पुढे पेलायो किंतेरो नावाचे संशोधक म्युझियमचे प्रमुख होते, त्यांना खात्री होती की याच्या जोडीची बाईचीही पेटी असणार, आयुष्यभर शोधलं, मिळाली नाही. ते 1946 मध्ये गेले. आणि 1980 मध्ये एका बांधकामाचं खोदकाम चालू असताना बाईची पेटी निघाली, ती पण कुठे, तर जिथे त्यांचं घर होतं त्या जागेत! ते रोज तिच्यावरूनच ये-जा करत होते गं. आता दोन्ही पेट्या एकाच दालनात शेजारी शेजारी ठेवल्यात. बाईचे केस, हातातली छोटी बाटली, पायाची बोटं सगळं इतकं नाजूक कोरलंय की मी कितीतरी वेळ तिथेच उभी होते. त्या माणसाने हे बघायला हवं होतं असं फार वाटत राहिलं.

संध्याकाळ मात्र ला कालेताची. छोटीशी पुळण, एका बाजूला सांता कातालिना किल्ला, दुसऱ्या बाजूला सान सेबास्तियान, मधे पांढरी अर्धगोल जुनी स्नानगृहाची इमारत. रंगीत होड्या. ओहोटी लागली की खडक उघडे पडतात, डबकी होतात, पोरं बादल्या घेऊन खेकडे शोधतात. आपल्या वयाच्या बायका घरून खुर्च्या, टेबल, डबे घेऊन येतात आणि पाण्याच्या कडेला चक्क बिंगो खेळत बसतात, कुणालाही घाई नाही, कुणी फोनमध्ये डोकं घालून बसलेलं नाही. बाबा सान सेबास्तियानकडे जाणाऱ्या बांधावरून चालत गेले, दोन्ही बाजूंना पाणी, आणि परत आले ते मनू, इतके खुशीत होते, ऑपरेशननंतर मी त्यांना तसं बघितलंच नव्हतं. म्हणूनच सांगतेय, तुम्हा दोघांना त्याची गरज आहे. निखिलही गेले काही महिने किती दमलेला दिसतो व्हिडिओ कॉलवर.

वाऱ्याचं विचारून घे. पूर्वेकडून लेवांते सुटला की गरम, कोरडा, लांबच्या मोठ्या बीचवर वाळू अंगाला नुसती टोचते, तेव्हा ला कालेतालाच जावं, तिथे आडोसा मिळतो. पश्चिमेचा पोनिएंते छान गार असतो.

खाण्याचं. बारीक कोळंबीची कुरकुरीत भजी मिळतात, तोर्तियितास दे कामारोनेस, हरभऱ्याचं पीठ, गव्हाचं पीठ, कांदा, पार्स्ली आणि सोलायचीही गरज नाही इतकी बारीक कोळंबी. पहिल्या घासाला मला आजीच्या हातची जवळ्याची भजी आठवली, फक्त तिखट आणि हळद नाही. मोरी मासा जिरं, लसूण आणि व्हिनेगरमध्ये मुरवून तळतात तोही घे. कागदाच्या पुडीत तळलेले मासे घेऊन समुद्रावर जाऊन खायचे, हॉटेलात बसूच नकोस. निखिलसाठी पापास आलिन्यास सांग, उकडलेला बटाटा, कांदा, ऑलिव्ह तेल, व्हिनेगर, पण वर ट्यूना घालतात कधीकधी तर नको म्हणून आधीच सांगायचं. जेवण रात्री नऊशिवाय नीट मिळत नाही, चिऊला सातला भूक लागते म्हणून बॅगेत काहीतरी असू दे. मासळी बाजार सकाळी बघ, रविवारी-सोमवारी नको.

राहायला जुन्या गावातल्याच ला विन्या भागात किंवा मीना चौकाच्या आसपास बघ, नव्या भागातलं हॉटेल स्वस्त दिसलं तरी घेऊ नकोस, रात्री तिथून परत यायला कंटाळा येतो. सेव्हिलच्या दोन रात्री कमी कर आणि त्या इकडे टाक. जूनमध्ये सेव्हिलला ऊन फार असतं, चिऊला सोसणार नाही. रद्द करायची मुदत कधीपर्यंत आहे ते आजच बघ, बुकिंग करण्याआधी मला लिंक पाठव, बाबा म्हणतायत नकाशावर बघून सांगतो समुद्र किती लांब पडेल ते.

तुझी,
आई