मीटरवरच्या काळ्या टेपबद्दल, आमच्या सायकलवाल्या काकांना

काका, सा. न. वि. वि.

हे नातीला मोठ्यानं वाचून दाखवायला सांगा. तोंडावर बोलायला गेले की तुम्ही "बरं बरं" म्हणत पाना हातात घेता आणि विषय संपतो. म्हणून चारचौघांत लिहितेय.

ऑक्टोबरात गोव्याची हाफ आयर्नमॅन झाली. मिरामारच्या समुद्रात १.९ किलोमीटर पोहायचं, मग ९० किलोमीटर सायकल, आणि त्या दमट उन्हात वर २१.१ किलोमीटर धावायचं. मुदत साडेआठ तासांची, मी ७ तास ५२ मिनिटांत आले. बेचाळिसाव्या वर्षी, बँकेची नोकरी सांभाळून. साताऱ्यात येऊन कंदी पेढे वाटले. चौथ्या दिवशी पहाटे पाचला गजराशिवाय जाग आली आणि लक्षात आलं, आज करायला काहीच नाही. सात महिने फ्रिजवर वेळापत्रक होतं, त्या जागी आता गॅसची पावती लटकत होती.

आणि जो भेटेल त्याचा एकच प्रश्न: "मग, फुल कधी?" म्हणजे ३.८ किलोमीटर पोहणं, १८० सायकल, ४२.२ धावणं. सगळं दुप्पट. जणू हाफ म्हणजे अर्धवट राहिलेलं काम. ज्यांना मी दर महिन्याला फी भरत होते त्या कोचनी सहाव्याच दिवशी फुलचा प्लॅन पाठवला, सोबत नवा फीचा आकडा. सध्या मन लागत नाही म्हटल्यावर ग्रुपवर लिहिलं, "काहींना हाफमध्येच समाधान असतं", पुढे हसणारा चेहरा. कॅश काउंटरवर बसून वाचलं मी ते. पुढचा माणूस पैसे मोजून घेत होता आणि माझे डोळे भरलेले. घरचे दुसऱ्या टोकाला: झाली ना हौस, आता पुरे. दोन्हीकडच्यांपैकी कुणालाच माझ्याकडून काही ऐकायचं नव्हतं.

तीन आठवडे सायकल भिंतीला टेकून होती. शेवटी ब्रेक घासतोय असं सांगून तुमच्याकडे आणली. ब्रेकला काही झालं नव्हतं. चाक एकदा फिरवताच तुम्हाला ते कळलं असणार, पण तुम्ही बोलला नाहीत. शाळेत असताना लेडीज सायकलची चेन बसवून द्यायचात, त्याच चेहऱ्यानं विचारलंत, "समुद्रात भ्या वाटलं का गं?"

शर्यतीबद्दलचा, आकडा नसलेला हा पहिला प्रश्न. मग मी वीस मिनिटं बोलत होते. पाणी इतकं गढूळ की स्वतःचा हात दिसत नव्हता, मी हात मोजत पुढे सरकत होते, एकदा कुणाची तरी लाथ बसली, सगळं. तुम्ही ट्यूबला सोल्युशन लावत ऐकत होतात.

उठलात आणि गल्ल्यातून काळी इलेक्ट्रिकची टेप काढलीत. दातानं तोडून माझ्या हँडलवरच्या मीटरवर चिकटवलीत. उजेड आरपार दिसतोय म्हणून वर आणखी एक पट्टी, आणि अंगठ्यानं कडा दाबल्यात, पंक्चरचा पॅच दाबतात तशा. "रविवारी कासला जाऊन येऊ. हे बघायचं नाही."

एवढंच. पण काका, सात महिन्यांत मी त्या काचेशिवाय काही पाहिलंच नव्हतं. वेग, ठोके, वॅट. यवतेश्वरच्या घाटात त्या रविवारी मला स्वतःचा दम ऐकू आला. तुम्हालाही दम लागला होता, आणि वयाचं कारण न देता तुम्ही सरळ कठड्यावर टेकलात. वर गेल्यावर एका अंगाला कण्हेरचं पाणी, दुसऱ्या अंगाला उरमोडीचं. फुलं केव्हाच संपलेली, नुसतं पिवळं गवत. मी कधीपासून गाणं गुणगुणत होते कोण जाणे. तुम्ही ऐकलंत, हसला नाहीत.

दुकानात ट्यूबांच्या माळेशेजारी तुमचं ब्रेव्हेचं, म्हणजे लांब पल्ल्याच्या ठरावीक वेळेतल्या सायकलफेरीचं, जुनं कार्ड लावलंय, ते मी लहानशा सर्टिफिकेटसारखं काहीतरी समजत होते. येताना तुम्ही सांगितलंत: २०० किलोमीटर, साडेतेरा तास, पहिला-दुसरा नंबर नाही, जो वेळेत आला तो आला. तुम्ही "कर" म्हणाला नाहीत. म्हणूनच केली असेल.

मागच्या रविवारी झाली माझी पहिली दोनशे. १२ तास ५० मिनिटं. मनगटावर साधं काट्यांचं घड्याळ, मीटर तसंच झाकलेलं. १३० किलोमीटरच्या आसपास मागचं चाक बसलं. तुम्ही शिकवल्याप्रमाणे आधी टायरच्या आतून बोट फिरवलं, तारेचा बारीक तुकडा सापडला, तो काढूनच ट्यूब बदलली. एक अनोळखी मुलगा स्वतःची वेळ घालवून टॉर्च धरून उभा राहिला. अशी माणसं असतात, आणि ती फुकट असतात, हे मी फी भरून भरून विसरले होते.

आता तीनशे करायचीय, वीस तासांत. मग चारशे आणि सहाशे. एकाच हंगामात चारही झाल्या तर सुपर रँडोनर म्हणतात, पण घाई नाही. आणि फुल? जमेल तेव्हा बघू. समुद्रात पोहायला मात्र परत जायचंय, मेडल नसलं तरी.

टेपची एक कड सुटत आलीय. शनिवारी चार वाजता बँकेतून परस्पर येते. आणि त्या ब्रेकचे पैसे तुम्ही अजून घेतलेले नाहीत.

तुमची,
लेडीज सायकलवाली