पुढचे दार बंद, मागचे उघडे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मुक्तिसंग्राम दिनाच्या आपल्या पुरवणीतील एका लेखात हैदराबादच्या पोलीस कारवाईशेजारी आफ्रिकेतल्या ऱ्होडेशियाचे (आजच्या झिंबाब्वेचे) उदाहरण ठेवले आहे. ब्रिटनने एकही सैनिक न पाठवता, निर्बंध आणि चर्चा यांच्या बळावर बंडखोर वसाहत वठणीवर आणली, असा लेखकाचा सूर दिसतो. जिल्हा परिषदेच्या शाळेत इतिहास शिकवण्यात उमर गेली, त्यामुळे राहवले नाही.

इयान स्मिथच्या गोऱ्या सरकारने ११ नोव्हेंबर १९६५ रोजी एकतर्फी स्वातंत्र्य जाहीर केले. गोरे सुमारे २ लाख २० हजार, आफ्रिकी ४० लाखांच्या घरात. ब्रिटनचे पंतप्रधान हॅरॉल्ड विल्सन यांनी मात्र घोषणेच्या आधीच, ऑक्टोबर अखेरीस, बळ वापरणार नाही असे जाहीर करून टाकले होते. संसदेत मोजक्या जागांचे बहुमत, आणि तिकडचे गोरे म्हणजे आपलेच भाऊबंद. अडचण खरी होती. पण कोर्टात जाणार नाही असे चावडीवर सांगून सावकार वसुलीला निघाला, तर त्याला दारात तरी कोण उभे करील?

मग निर्बंध आले. महिन्यांचे नव्हे, आठवड्यांचे काम आहे, असे विल्सन जानेवारी १९६६ मध्ये लेगॉसच्या राष्ट्रकुल परिषदेत म्हणाले. तेल अडवण्यासाठी ब्रिटिश नौदलाची जहाजे शेजारच्या, तेव्हा पोर्तुगालच्या ताब्यातील मोझांबिकच्या बेइरा बंदराबाहेर पहाऱ्याला उभी राहिली, ती थेट १९७५ पर्यंत. तेल मात्र मोझांबिकच्याच लॉरेन्सो मार्केस (आजचे मापुटो) बंदरातून रेल्वेने आणि दक्षिण आफ्रिकेतून येतच राहिले. त्यात ब्रिटिश तेल कंपन्यांचाही हात होता आणि लंडनच्या सरकारला ते ठाऊक होते, हे १९७८ च्या बिंगहॅम अहवालाने उघड केले. स्मिथशी बोलणी झाली, तीही युद्धनौकांवर: १९६६ मध्ये ‘टायगर’वर आणि १९६८ मध्ये ‘फिअरलेस’वर. दोन्हीदा हात हलवत परत.

झळ बसली ती शेजारच्या झांबियाला. त्याचे तांबे ऱ्होडेशियाच्या रेल्वेने जायचे आणि इंधन त्याच वाटेने यायचे. ती वाट तुटल्यावर पेट्रोलची पिंपे विमानांनी पोचवावी लागली. टांझानिया आणि घाना यांनी तर डिसेंबर १९६५ मध्येच ब्रिटनशी राजनैतिक संबंध तोडले. लेखात यातले काहीच नाही.

आता आपल्याकडचे. मुळात हैदराबाद ही कुणाची वसाहत नव्हती, ते संस्थान होते. भारत आणि निजाम यांच्यातला २९ नोव्हेंबर १९४७ चा ‘जैसे थे’ करार एका वर्षासाठी होता. त्या काळात सिडने कॉटन या ऑस्ट्रेलियन वैमानिकाची विमाने कराचीहून निजामासाठी शस्त्रे आणत होती आणि गावोगाव रझाकारांचा धुमाकूळ चालू होता. आमचे घर कळमनुरी तालुक्यातले. आजी लेकरे घेऊन पैनगंगा ओलांडून वऱ्हाडात गेली, तेव्हा जाते नेता येईना म्हणून तिने फक्त त्याचा खुंटा काढून घेतला होता. आपल्यामागे आपल्या जात्यावर कुणी दळू नये म्हणून! भारतानेही नाकेबंदी केली होती, पण तिच्यामागे फौज उभी होती, हे निजामाला दिसत होते. ऑगस्ट १९४८ मध्ये त्याने सुरक्षा परिषदेत धाव घेतली ती त्यामुळेच.

पोलीस कारवाईत सगळे गोमटे झाले असे मी म्हणत नाही. त्यानंतर मुसलमान वस्त्यांवर जे गुदरले ते भारत सरकारने पाठवलेल्या सुंदरलाल समितीने नोंदवले आहे, आणि आमच्या भागातली जुनी माणसे आजही ते हळू आवाजातच बोलतात. लेखकाने त्यावर लिहिले असते तर मी हे पत्र लिहिले नसते. पण त्याऐवजी ब्रिटनचा दाखला देणे पटत नाही.

१९७९ च्या लंडनमधील लँकेस्टर हाउस परिषदेत ब्रिटिश परराष्ट्रमंत्री लॉर्ड कॅरिंग्टन यांनी कौशल्य दाखवले, हे मान्य. पण तोवर ऱ्होडेशियात अनेक वर्षांचे गनिमी युद्ध होऊन हजारो माणसे मेली होती. मोझांबिक १९७५ मध्ये स्वतंत्र झाल्याने स्मिथची एक बाजू उघडी पडली होती, आणि दक्षिण आफ्रिकाही त्याला समझोत्यासाठी रेटत होती. लढणारे दोन्हीकडचे थकल्यावर टेबल मांडले गेले. गोळ्या झाडल्याच गेल्या, फक्त ब्रिटिश बंदुकीतून नव्हेत.

आपला,
एक निवृत्त शिक्षक, जि. हिंगोली

ता. क. : लेखात झिंबाब्वेच्या स्वातंत्र्याचे वर्ष १९६५ छापले आहे. ते स्मिथच्या घोषणेचे वर्ष. झिंबाब्वे स्वतंत्र झाला १८ एप्रिल १९८० रोजी. आमच्या शाळेच्या भिंतीवरील नकाशात ‘ऱ्होडेशिया’वर मी स्वतः डिंकाने नव्या नावाची चिठ्ठी चिकटवली होती; दर पावसाळ्यात ती सुटायची.