एककांवर टाकलेल्या रुमालासाठी

आदरणीय बाई,
सादर नमस्कार.

निवृत्तीनंतरही तुम्ही पहिली-दुसरीच्या तोंडी गणितासाठी वेळ दिलात, त्याबद्दल नाशिकमधल्या आम्हा शिक्षिकांकडून मनापासून आभार. पत्र जाहीर अशासाठी की दहा, वीस, तीस असे पूर्ण दशक मिळवायची आणि वजा करायची तुमची रुमालाची युक्ती इतर वर्गांपर्यंतही पोचावी.

डावीकडे दहा-दहा काड्यांचे रबर लावलेले गठ्ठे, उजवीकडे सुट्या काड्या. 34 मांडायचे, चार सुट्यांवर रुमाल टाकायचा आणि दोन गठ्ठे वाढवायचे. “3 दशक होते, आता किती?” “5 दशक.” रुमाल उचलला की 4 जागच्या जागी, म्हणून 54. वजाबाकीतही गठ्ठेच उचलायचे, रुमालाला हात लावायचा नाही. 64 − 30 चं उत्तर 61 काढणारी मुलं तीन एकक कमी करत असतात. सुटे झाकलेले असले की ती वाटच बंद होते.

“शून्य लावा” हे शब्द तुम्ही आमच्या तोंडातून घालवलेत, त्याचे विशेष आभार. 30 + 20 ला “तीन नि दोन पाच, शून्य लावा” खपून जातं. 34 + 20 आलं की मूल 54 वरही शून्य लावून 540 करतं. दशकांत बोलायची सवय असेल तर 80 + 50 म्हणजे 13 दशक, म्हणजे 130, इथपर्यंत ते आपणच जातं.

खरी गोची आपल्या संख्यानामांत आहे. सत्तेचाळीसमध्ये सात आधी ऐकू येतात, म्हणून पाटीवर 74 उमटतात. त्यात वीस मिळवले की सदुसष्ट. सात तेच, पण ‘सत्ते’चं ‘सदु’ झालं. एकोणतीसमध्ये तीस ऐकू येतात आणि दशक असतात 2. एकोणतीस, एकोणचाळीस, एकोणपन्नास अशी लागलेली लय एकोणनव्वदनंतर नव्याण्णववर मोडते, ते वेगळंच. 2019 मध्ये दुसरीच्या पुस्तकातल्या, एकवीसला ‘वीस एक’ म्हणायच्या वाचनावरून केवढा गदारोळ झाला होता! तुमचा मधला मार्ग आम्हाला पटला: आधी “4 दशक 7”, मिळवून “6 दशक 7”, आणि मग नाव. जुनं नाव टाकायचं नाही, फक्त थोडं थांबवायचं.

1 ते 100 च्या तक्त्याचाही असाच गोंधळ. अंकलिपीत 1 ते 10 उभे असतात, तिथे दहा मिळवायला एक घर उजवीकडे जायचं. आडव्या तक्त्यात एक घर खाली. दोन्ही एकाच भिंतीवर टांगले की मुलं हमखास गोंधळतात. आता एकच ठेवतो.

दहाच्या खोट्या नोटा आणि सुटे रुपयेही कामाला येतात (खऱ्या नोटा छापणाऱ्या गावात पुठ्ठ्याच्या चालवतोय!). पण गठ्ठा सोडून दहा काड्या मोजता येतात, नोट सुटत नाही. म्हणून आधी काड्या, मग नोटा, हा तुमचा क्रम बरोबर.

रोज पाच मिनिटं, आठ-दहा उदाहरणं, उत्तर पाटीवर लिहून एकदम वर करायचं. ओरडून सांगू दिलं की चौघंच बोलतात. सुरुवात दहा-दहा मिळवत 7, 17, 27 अशी; परतीला 93, 83, 73. उभी मांडणी त्यानंतरच.

9 मिळवताना “दहा मिळव, एक काढ” जमू लागलंय. 9 वजा करताना मात्र मुलं दहा काढून वर आणखी एक काढतात. 52 − 9 चे 41 येतात. त्यावर काय करावं, ते पुढच्या शनिवारी विचारायचं आहे. तुमचा निळा रुमाल खडूच्या डब्यात जपून ठेवलाय.

आपल्या नम्र,
पहिली-दुसरीच्या शिक्षिका, नाशिक