माझ्याच व्हिडिओने माझं पेटंट घालवलं

संपादक साहेब नमस्कार,

परवा आपल्या पेपरात कॅमेरा सेन्सरच्या (फोटो टिपणाऱ्या चिपच्या) पेटंटवरच्या अमेरिकेतल्या अपिलाची बातमी वाचली, कंपनीने पेटंटमधे 'नवीन' म्हटलेलं आधीच कुठे होतं का याची, मथळा 'कंपनीची चोरी उघड', आणि खरं सांगतो डोकंच फिरलं. मी जळगावला मोबाईल दुरुस्ती करतो, रोज चार-पाच कॅमेरे मायक्रोस्कोपखाली उघडतो. नखाएवढी चिप, वर बारीक भिंगं, त्याखाली लाल-हिरवा-निळा फिल्टर, मग उजेड पकडणारे डायोड. आधी वायरिंग डायोडच्या वर असायचं, उजेड अडायचा, आता बऱ्याच फोनमधे चिप उलटी बसवून मागून उजेड घेतात. यातलं कितीतरी जुनंच आहे, सीसीडी, म्हणजे उजेड टिपणारी जुन्या जातीची चिप, अमेरिकेतल्या बेल लॅबमधे १९६९ ला निघाला, त्या रंगीत चौकटींचं बायर यांचं पेटंट १९७६ चं, म्हणून नंतरचे सगळे चोर का?

अमेरिकेत अशा अपिलात बघतात काय, तर पेटंटच्या दाव्यातली, म्हणजे अर्जदार 'हे माझं नवीन' म्हणतो त्यातली, एकूण एक गोष्ट, त्याच मांडणीसकट, एकाच जुन्या कागदात आहे का. आपलं भरीत घ्या. वांगी कपाशीच्या काड्यांवर भाजा हे एका वहीत आणि बडगीत ठेचा हे दुसऱ्या वहीत असेल तर दोन वह्या जोडून 'हे आधीच होतं' म्हणता येत नाही. जाणकाराला ते सहज सुचलं असतं का, हा मुद्दा वेगळा, त्यावरही पेटंट जातं. पण तो जुना कागद अर्जदाराने बघितला होता की नाही हे कोणी विचारतच नाही, मग चोरी आली कुठून?

माझंच सांगतो. केळीच्या पानावरचा करपा लवकर दिसावा म्हणून जुन्या फोनच्या कॅमेऱ्याचं एक जुगाड केलं, हौसेने व्हिडिओ टाकला, सगळ्यांनी वा वा केली, आणि आठ महिन्यांनी पेटंटचा अर्ज केला. आक्षेप आला तो माझ्याच व्हिडिओचा! अमेरिकेत स्वतःच दाखवलेलं असेल तर वर्षभर सूट असते, आपल्याकडे अशी सरसकट सूट नाही, अर्जाआधी जगाला दाखवलं की बहुतेक वेळा खेळ खलास. ज्या एजंटाने फी घेतली त्याने 'आधी कुठे दाखवलंय का' एवढंही विचारलं नाही, आणि मलाही कुठे माहीत होतं.

आता तुमच्या मथळ्याच्या हिशोबाने मी माझीच चोरी केली म्हणायची का?

आपला वाचक,
एक मोबाईल दुरुस्तीवाला, जळगाव